भिंतीवर ठेवलेल्या मिरच्या

सुमंगलाबाईंच्या परसातली मिरची यंदा चांगली धरली होती. पालम गावची माती काळी, चिकट. पाऊस जरा जास्त झाला की पाणी मुळाशी साचतं आणि सकाळी ताठ असलेलं रोप दुपारी मान टाकतं. म्हणून त्यांनी माती उकरून तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळलं होतं, वाफा वीतभर उंच केला होता. फाल्गुनात बी टाकलं आणि उन्हाळाभर जुनी सुती साडी बांधून रोपांवर सावली धरली. मावा दिसला की बंबातली राख पानांवर भुरभुरायची. पानं आकसायला लागली की आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडायचं. पहिली फुलं खुडून टाकायची, म्हणजे झाड आधी अंगानं भरतं. ही सगळी कामं त्या स्तोत्र म्हणत करायच्या, तेही इतक्या हळू की वाफ्यावरच्या चिमण्यासुद्धा उडत नसत.

आषाढी एकादशीला त्यांनी चातुर्मासाचा नेम घेतला. दरवर्षी काहीतरी सोडायच्या. एका वर्षी चहा सोडला, एका वर्षी गादी. यंदा हिरवी मिरची सोडली. नुसती सोडायची नाही, तर घरच्या झाडाची मिरची रोज सकाळी कोणाच्या तरी घरी द्यायची आणि ती दिल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं देवापुढे बोलल्या.

विष्णुपंत तहसीलातून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक गोष्टीत टिपण मांडायची सवय.

"स्वतः पिकवायची आणि स्वतः खायची नाही? मग माझ्या पिठल्याचं काय?"

"तुमच्या पिठल्यात घालीन की. मला वास आला तरी पुरे."

"वास चालतो का नेमाला?"

"अहो, आता वासावर कुठं पहारा ठेवू!"

रोज मिरची द्यायची तर घेणारं कोणी हवं. डाव्या हाताला ईश्वरीचं घर. तिचा नवरा बँकेत, घरात मुलं लहान, तिखट खाणारं कोणी नाही. उजव्या हाताला छातीइतक्या उंच भिंतीपलीकडे रेणुका. रेणुका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, रोज स्कूटीवर जायची-यायची. नवरा सिद्धोधन परभणीला नोकरीला, सुट्टीला घरी येणारा. आणि घरात सासू, सुलाबाई; रेणुका त्यांना आत्याबाई म्हणायची. सुलाबाईंना भाकरीबरोबर ठेचा लागायचाच. त्यामुळे सुमंगलाबाईंचा नेम बहुतेक दिवशी याच भिंतीवर पुरा व्हायचा.

भिंतीवर म्हणजे अगदी भिंतीवरच. मीठ आणि मिरची कोणी कोणाच्या हातावर देत नाही. दिली की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, असं इकडे घराघरात मानतात. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. सुमंगलाबाई भिंतीच्या सपाट माथ्यावर मूठभर मिरच्या ठेवत आणि हाक मारत, "रेणुका, ठेवल्या ग."

रेणुका केसांना रबर लावत धावत यायची. "ठेवा ठेवा काकू. आपलं भांडण झालं तर आत्याबाईला ठेचा कोण देईल!"

ती खळखळून हसायची. सुमंगलाबाई ओठांतल्या ओठांत हसायच्या आणि मग घरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायच्या. पाणी गोड लागायचं. आपल्या हातचं कोणाच्या तरी मुखी लागतं आहे, या समाधानाची गोडी त्यात असायची.

रेणुकाचं घर बौद्धांचं. प्लॉटवर बांधकाम सुरू झालं तेव्हाच हे गल्लीत कळलं होतं. वास्तूला त्यांनी पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. विष्णुपंत जाऊन आले. सुमंगलाबाईंचा त्या दिवशी उपवास होता. पुढे नांदेडच्या बहिणीशी फोनवर बोलताना त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या शेजारी ते लोक आहेत, पण आम्ही काही मानत नाही हो. रोजचं देणंघेणं आहे आमचं." हे बोलताना त्यांना मनातून बरं वाटलं होतं.

श्रावणात त्यांनी सत्यनारायण घातला. पूजा आटोपली, आरती झाली, आलेल्या बायका गेल्या. शिरा उरला होता. सोवळ्यातच त्या द्रोण भरून बाहेर पडल्या. आधी ईश्वरीच्या परसाच्या फाटकाशी गेल्या. ईश्वरीनं ओंजळ पुढं केली, त्यांनी तिच्या ओंजळीत द्रोण ठेवला, तिच्या मुलाच्या गालाला हात लावला. मग मागच्या बाजूनं परसात आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

रेणुका दोरीवरचे कपडे काढत होती. भिंतीवरून तिला ईश्वरीचं फाटक दिसत होतं, पण हे तेव्हा सुमंगलाबाईंच्या ध्यानात आलं नाही.

"रेणुका, शिरा आणलाय ग. पूजेचा."

"पूजेचा म्हणून न्हाई घ्यायची मी, काकू. आमच्यात न्हाई चालत. शिरा म्हणून द्या, लय आवडतो मला." ती हसत आली. तिनं ईश्वरीसारखीच ओंजळ पुढं केली. ओंजळ भिंतीच्या माथ्यावर, अलीकडे आलेली.

सुमंगलाबाईंनी द्रोण त्या ओंजळीशेजारी भिंतीवर ठेवला.

रेणुकानं रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं. मग द्रोणाकडे. मग तिनं हात खाली घेतले, आणि हसतच, अगदी नेहमीच्या हसण्यानं विचारलं,

"काकू, शिऱ्यानंबी भांडण होतं का हो?"

"अगं, नाही... हात खरकटे होते माझे," सुमंगलाबाई म्हणाल्या.

खरकट्या हातांनी कोणी प्रसाद वाटतं का? हे त्यांना बोलता बोलताच उमगलं. रेणुकालाही कळलंच असणार. ती शाळेत मुलांचे बहाणे रोज ऐकते. तिनं द्रोण उचलला, कपड्यांच्या ढिगावर अलगद ठेवला आणि आत गेली.

घरात आल्यावर त्यांनी विष्णुपंतांना सांगितलं. विष्णुपंत पेपर बाजूला न करता म्हणाले, "मिरची कोणी हातात देतं का? रीत आहे. तिला समजावून सांग."

"मिरची नव्हती. शिरा होता."

"मग रोजच्या सवयीनं ठेवला असशील. त्यात काय एवढं?"

"ईश्वरीच्या हातात दिला मी."

आता पेपर खाली आला. विष्णुपंतांनी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं, आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

त्या दुपारी सुमंगलाबाईंचा डोळा लागला नाही. रोजच्या सवयीनं. ही सवय कधी लागली, हे त्या आठवू लागल्या. मिरचीच्या आधीपासूनची होती ती. कढीपत्ता दिला तो भिंतीवर. संक्रांतीचं वाण, स्टीलची वाटी, तीही भिंतीवर. हळदीकुंकवाला रेणुका आली नव्हती, की आपण तिला नीट बोलावलंच नव्हतं? ती काही द्यायला आली की, "ठेव ग तिथंच, हात ओले आहेत." ओले नसले तरी.

आणि धपाटे. मागच्या थंडीत रेणुकानं गरम धपाटे फडक्यात गुंडाळून दिले होते, वर दह्याची वाटी. "आत्याबाईनं थापलेत काकू, खाऊन सांगा." सुमंगलाबाईंनी ते भिंतीवरून उचलले, घरात नेलेच नाहीत, गल्लीत येणाऱ्या गाईपुढं ठेवले. गाईला घास घातला की पुण्य लागतं. त्यांनी तेव्हा गाईला नमस्कारही केला होता. दुसऱ्या दिवशी रेणुकानं विचारलं, "कसे झाल्ते?" त्या म्हणाल्या, "खमंग." आणि वाटी घासून, उन्हात तापवून भिंतीवर ठेवली.

हे आठवल्यावर त्या उठून बसल्या. देवघरात जावं, जप करावा असं वाटलं, पण देवापुढं जायलाही मन धजेना. इतकी वर्षं रोज पहाटे उठून अंघोळ, पूजा, नेम, उपास. आणि हात असा, न विचारता आपलं काम करून मोकळा होणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चांगल्या लांब, तजेलदार मिरच्या तोडल्या आणि भिंतीशी गेल्या. मनाशी ठरवूनच गेल्या होत्या. हाक मारली. रेणुका आली, शाळेची साडी नेसून, खांद्याला पर्स.

सुमंगलाबाईंनी मिरच्यांची मूठ भिंतीपलीकडे तिच्या हातापाशी नेली. "घे ग. हातात घे."

रेणुका एक पाऊल मागं सरली.

"न्हाई काकू, मिरची खाली ठेवा. मिरची हातात न्हाई घेत. आमच्यातबी न्हाई घेत."

हे तर त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ही रीत आपली, आपल्याच घरची, असंच त्या धरून चालल्या होत्या. मूठ तशीच अधांतरी राहिली. शेवटी त्यांनी मिरच्या भिंतीवर ठेवल्या. नेहमीसारख्याच ठेवल्या गेल्या, आणि नेहमीसारख्याच दिसल्या.

"आन् काकू," रेणुका पर्सचा पट्टा सारखा करत म्हणाली, "उद्यापासून राहू द्या. आत्याबाईच्या पोटाला तिखट सोसंना आजकाल. डॉक्टरनं बंद कर म्हणलंय."

"बरं ग," सुमंगलाबाई म्हणाल्या. "जपा म्हणावं."

संध्याकाळी त्या वाती वळत बसल्या होत्या, तेव्हा भिंतीपलीकडून खलबत्त्याचा आवाज आला. ठक, ठक, आणि मधूनच दगड घासल्याचा. मग लसूण-मिरचीचा वास परसातून सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि विष्णुपंतांना ठसका लागला.

"पोट बरं झालं वाटतं म्हातारीचं," ते म्हणाले. मग बायकोचं तोंड बघून खिडकी लावायला उठले.

नेम मात्र चालू होता. ईश्वरी पहिले दोन-तीन दिवस मिरच्या घेत राहिली. मग म्हणाली, "काकू, फ्रिजमध्ये परवाच्याच पडल्यात हो." देवळाच्या पुजाऱ्याच्या बायकोकडे नेल्या, तिनं घेतल्या, पण "रोज आणताय म्हणजे काही नवस आहे का?" असं विचारलं. कोपऱ्यावर पंक्चर काढणाऱ्याला दिल्या. त्यानं "शुक्रिया, खाला" म्हणून टपरीच्या फळीवर ठेवून घेतल्या. कोणी ना कोणी मिळायचंच. पाणी पिता यायचं, पण घशाखाली उतरताना ते जड लागायचं. दिल्या जात होत्या त्याहून जास्त मिरच्या झाडावर राहत होत्या, लाल होत होत्या. मिरच्या वेळेवर तोडल्या नाहीत तर झाड फुलं धरायचं थांबवतं. वाफ्यात तसंच होऊ लागलं होतं; शेंड्याला नवी कळी दिसेना.

"दानाचा नेम आहे तुझा," विष्णुपंत एकदा म्हणाले. "कोणाला द्यायचं याचा नाही. देवाला पोचतं ते."

"देवाला पोचत असेल."

"मग?"

"मला तिथं पोचायचंय हो," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे हात केला, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून आत गेल्या. एवढं बोलणं त्यांच्या स्वभावाला फार होतं.

रविवारी त्यांनी पूजा केली, परडीत मिरच्या घेतल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडल्या. रस्त्यानं वळसा घालून रेणुकाच्या फाटकाशी आल्या. भिंतीपलीकडचं हे घर त्यांना मागून पाठ होतं. कुठल्या खिडकीला कुठला पडदा, मोरीचं पाणी कुठून वाहतं, सगळं. पुढून त्यांनी ते जवळून कधी पाहिलं नव्हतं. फाटकाला कडी आतून असते का बाहेरून, हेही शोधावं लागलं.

रेणुका ओसरी झाडत होती. ती झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काकू? इकडून?"

"सुलाबाई आहेत ना?"

सुलाबाई ओसरीच्या टोकाला बाजेवर बसून सुपात तूर निवडत होत्या. सत्तरीच्या, अंगानं वाळलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी सूप बाजूला केलं नाही.

"या की वैनी. भिताड पडलं का?"

रेणुकानं झाडूआड तोंड लपवलं. हसू लपवलं की लाज, कळलं नाही. सुमंगलाबाई पायरी चढल्या. परडी त्यांनी बाजेजवळ फरशीवर ठेवली.

"मिरच्या आणल्या."

"दिसायलंय," सुलाबाई म्हणाल्या. परडीला हात लावला नाही. "बसा. रेणुका, पाणी दे त्यान्ला."

"आत्याबाई, राहू द्या. काकूचा नेम असतो. मिरची दिल्याबिगर त्या पाणी न्हाई घेत." रेणुका हे मऊपणानं बोलली. निघून जायला वाट करून द्यावी तसं. सुमंगलाबाईंना ती वाट दिसली. नुसतं "हो ग बाई" म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि कोणी काही म्हणालं नसतं.

"दे म्हनलं ना," सुलाबाई म्हणाल्या.

पाणी आलं, स्टीलच्या गिलासात, काठोकाठ. सुमंगलाबाईंनी ते घेतलं. रेणुकाच्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं, बोटं लागली. मनात म्हणाल्या, झालं, एवढंच तर होतं. आणि मान मागं टाकून, गिलास वीतभर उंच धरून, ओठ न लावता त्यांनी ते घटाघटा पिऊन टाकलं.

गिलास खाली आणला तेव्हा सुलाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"एक थेंब सांडला न्हाई," त्या म्हणाल्या. "लय सराव हाय वैनी तुमाला."

सुमंगलाबाईंच्या घरात सगळेच असं वरून पाणी पितात. माहेरीही प्यायचे. स्वतःच्या घरचं, स्वतःच्या हातचं भांडंही त्या कधी तोंडाला लावत नाहीत. हे सगळं खरं होतं, आणि यातलं एक अक्षर बोलायला तोंड उघडेना. मिरचीच्या वेळीही त्यांच्यापाशी असंच खरं कारण होतं.

"मी पोरगी असताना झरी गावाकडं मिरच्या तोडायला जायची," सुलाबाई सुपातला खडा उचलत म्हणाल्या. "लोकाच्या वावरात. हाताची अशी आग व्हायची की रातीला हात पाण्यात बुडवून झोपावं लागायचं. पाणी प्यायला मालकीण यायची घागर घेऊन. आमी ओंजळ धरायची, ती वरून ओतायची. तिचाबी हात असाच वर. तिचाबी थेंब इकडं-तिकडं पडत नव्हता."

"आत्याबाई, जाऊ द्या ना," रेणुका म्हणाली.

"मी काय भांडायले का? मिरचीची गोष्ट निघाली, म्हणून सांगायले."

सुमंगलाबाई बाजेसमोर फरशीवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, फरशीकडे बघत म्हणाल्या, "माझं चुकलं."

"काय चुकलं?"

हा प्रश्न त्यांनी गृहीत धरला नव्हता. माणूस चुकलं म्हणतो, समोरचा 'असू द्या' म्हणतो, आणि गोष्ट तिथं संपते, अशीच त्यांची समजूत होती.

"सांगा की, काय चुकलं ते."

"मिरची भिंतीवर ठेवायची ती रीत म्हणून," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "पण बाकीचं... बाकीचं रीत म्हणून नव्हतं."

"मंग काय म्हणून होतं?"

"मी ठरवून नाही केलं हो. हात आपोआप..."

"हात कुणाचा?"

सुमंगलाबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"माझाच," सुमंगलाबाई म्हणाल्या.

सुलाबाईंनी मान हलवली. रागानं नाही, एखादा हिशेब एकदाचा जुळावा तशी. धपाट्यांचं सांगायचं राहिलं होतं. ते ओठांपर्यंत आलं. पण रेणुका समोर उभी होती, आणि "खमंग" हा शब्द त्यांनी तिच्याच तोंडावर सांगितला होता. ते त्यांना सांगवलं नाही. एवढं बोलूनसुद्धा आपण पुरतं बोललो नाही, हे त्यांना कळत होतं.

नेम मोडल्याचं त्यांच्या आत्ता लक्षात आलं. पाणी पोटात गेलं होतं आणि मिरच्या अजून परडीत पडून होत्या.

"ह्या मिरच्या वापस न्या," सुलाबाई म्हणाल्या.

सुमंगलाबाईंनी वर पाहिलं.

"रोज सकाळी उठून लोकाच्या भिताडाकडं कवर बघायचं? आज ठेवल्या का, आज न्हाई ठेवल्या का. लय तोडल्या मी मिरच्या, पण माझ्या दारात कधी लावल्या न्हाईत. रोपं हायत का तुमच्याकडं?"

"आहेत," सुमंगलाबाई घाईनं म्हणाल्या. "आषाढात उशिरा बी टाकलं होतं. लावायजोगी झालीत."

"मंग ती द्या."

त्या परडी घेऊन परत वळसा घालून घरी आल्या. विष्णुपंतांनी "काय झालं?" विचारलं, त्यांना उत्तर दिलं नाही. रोपांच्या जागी पाणी शिंपडलं, माती मऊ होऊ दिली, खुरप्यानं खालून हात घालून एकेक रोप मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचललं. बारकी-वाकडी बाजूला ठेवली, सरळ खोडाची, जाड पानांची तेवढी घमेल्यात घेतली. स्तोत्र म्हणायचं आठवलं नाही. ओलं फडकं वर पांघरून त्या पुन्हा रस्त्यानं गेल्या. भिंतीवरून द्यायला दोन पावलं होती, पण घमेलं उचलून रस्त्यानंच गेल्या.

तोवर रेणुकानं न्हाणीच्या मागं जागा उकरली होती. माती तीच, काळी आणि चिकट.

"वाळू टाकावी लागेल ग. आणि जागा जरा उंच कर. पाणी थांबलं की मर लागते."

"बांधकामाची उरलीय काकू, आणते." रेणुका आपलं घमेलं घेऊन गेली.

सुलाबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर. मिरच्या तोडून तोडून कधीकाळी सोललेले असतील. आता कातड्यासारखे जाड होते. रोप ठेवायला शेजारी जमीन मोकळी होती. पण रोप खाली टेकवलं की गोळा फुटतो, मुळं उघडी पडतात. ते एका हातातून दुसऱ्या हातातच द्यावं लागतं.

सुमंगलाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. घारीनं पिलावर नजर ठेवावी तशी त्यांनी त्या हातांवर नजर ठेवली होती. हात पुढं गेले. चिखलाचा गार गोळा सुलाबाईंच्या तळव्यात बसला आणि सुमंगलाबाईंची बोटं क्षणभर त्याच्याखाली अडकून राहिली. सुलाबाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या रोपाकडे बघत होत्या.

"एवढं खोल बस झालं का?"

"अजून थोडं. हां. आता माती दाबा, पण खोडाला लागू देऊ नका."

एकेक करून सगळी रोपं लागली. दर वेळी सुमंगलाबाई हातांवर लक्ष ठेवत राहिल्या. असं लक्ष ठेवावं लागतं, याचीच त्यांना लाज वाटत होती. रेणुकानं तांब्यानं पाणी घातलं. कोवळी पानं उन्हात मलूल झाली होती.

"मेली का काय ही?" सुलाबाई म्हणाल्या.

"नाही. दोन दिवस अशीच राहतील, मग सावरतील. दुपारी वरून काहीतरी पांघरा."

"कवा लागतील मिरच्या?"

"दिवाळीच्या सुमाराला."

सुलाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला. रेणुकानं दंडाला धरलं. उभं राहून त्यांनी लुगड्याला हात पुसले आणि वाफ्याकडे बघत म्हणाल्या, "तवर घरात मिरची लागली तर मीच सांगीन. तवा आणा. तुमच्या नेमासाठी रोज न्हाई आणायच्या. मला लागल तवा. आन् दारानं यायचं."

"बरं," सुमंगलाबाई म्हणाल्या.

त्या अजून खालीच बसलेल्या होत्या. शेवटच्या रोपाभोवतीची माती दाबलेलीच होती, तरी त्या ती पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या, कारण उठलं असतं तर दोघींच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.